पेंटरचे उस्ताद

आमच्या छापखान्यात ज्याला सगळे पेंटर म्हणत, त्यानं हातात ब्रश धरलेला मी कधी पाहिला नाही. तो लाकडावर चित्रं कोरायचा. बिडीच्या बंडलावरचं लेबल, सरकीच्या पोत्यावरचा मार्का, नाटकाची जाहिरात, अत्तराच्या बाटलीवर चिकटवायचा बोटाच्या पेराएवढा गुलाब. यवतमाळच्या बाजारात त्या काळी जे काही छापील चित्र दिसे, त्यातलं निम्मं त्याच्या पटाशीखालून गेलेलं असे. पण 'ब्लॉक कोरणारा' हे नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही, 'पेंटर' बसलं. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. आठवणीत मात्र तो 'तो'च राहिला आहे, त्याला माझा इलाज नाही.

मी तिथे कंपोझिटर होतो, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. वय बावीस-तेवीस, मॅट्रिक पास, आणि त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री. नोकरीला लागून महिना झाला असेल. एका मासिकात थोर चित्रकारांबद्दल काहीतरी वाचलं होतं, ते पाजळायची खुमखुमी होती. चहाच्या वेळी मी पेंटरला विचारलं, "तुमचा आवडता चित्रकार कोण?"

त्यानं बशीतला चहा संपवला. बशी पुसली. मग म्हणाला, "प्रेशीत थो मार्का मारते नं गाठीवर, थो."

मला वाटलं थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यानं मला हाताला धरून कापसाच्या प्रेसिंग फॅक्टरीत नेलं. दाबून बांधलेल्या गाठी बाहेर पडत होत्या, आणि एक काळा, किडकिडीत माणूस प्रत्येक गाठीवर कोरलेला पत्रा ठेवून काळ्या रंगाचे दोन फटकारे मारत होता. पत्रा उचलला की खाली अक्षरं. हमाल गाठ उचलेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असे. पेंटर हरखून पाहत होता, जसं काही कोणी गाणं म्हणतंय.

"त्याले वाचता येत नाई," तो परतताना म्हणाला. "म्हनून थो अक्षर पाह्यते. तू वाचतं."

मला राग आला. मॅट्रिक पास माणसाला हे ऐकून घ्यावं लागावं!

पेंटर अशा माणसांना उस्ताद म्हणायचा. त्याचे उस्ताद जिल्हाभर पसरले होते आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण कोणाचे उस्ताद आहोत याचा पत्ता नव्हता. झरीकडच्या जंगलातल्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, एक म्हातारा होता, बांबूच्या टोपल्या विणायचा. त्याच्या टोपलीच्या काठाची वीण पाहायला पेंटर दोन दिवसांची रजा काढून गेला. मोटार, मग बैलगाडी, मग पायी. मालकांनी विचारलं, कुठे गेलतास, तर म्हणाला, "शिकाले." ती वीण पुढे एका साबणाच्या वेष्टनाची किनार झाली. साबणवाला खूष झाला. विचारू लागला की ही फॅशन मुंबईची की कलकत्त्याची.

आणि तांड्यावरची एक बाई होती. आठवडी बाजारात यायची. तिच्या फेटियावर, म्हणजे घेरदार घागऱ्यावर, आरशांची आणि कवड्यांची अशी काही जडण होती की पेंटर बाजारभर तिच्या मागे मागे फिरला. शेवटी ती गर्रकन वळली. "काय पाह्यतं रे भिया? घरी मायबहीन नाई काय?" लोक जमले. मार खायची वेळ. पेंटर तिथेच मातीत मांडी घालून बसला आणि खिशातली वही काढून त्यानं तिला दाखवली. तिच्या घागऱ्याचा पट्टा त्यानं पेन्सिलीनं उतरवून घेतला होता. तिनं वही हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाली, "हे वाकडं हाये. इथं चार टाके पायजे, तू तीनच काढले." पेंटर उठून तिच्या पाया पडला. त्या दिवसापासून तो तिला याडी म्हणायचा, म्हणजे तिच्या बोलीत आई. तिला ते आवडायचं नाही, कारण ती त्याच्याहून पाच वर्षांनी तरी लहान असेल.

त्याच्याबरोबर रस्त्यानं जाणं हा एक वैताग होता. मधेच थांबायचा. भिंतीवर थापलेल्या गोवऱ्यांवर पाच बोटांचे ठसे असत, त्यांच्यासमोर उभा राहायचा. "हे पाह्य, ही बाई डावरी हाये." टांगेवाले शिव्या देऊन बाजूनं जात. किराणा दुकानात पुडी कशी बांधतात ते पाहत उभा राहिला तर घ्यायचं ते विसरून पुडीचा रिकामा कागद घेऊन यायचा. त्याची एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात काडेपेट्यांची लेबलं, कापडाच्या ताग्यावरची रंगीत तिकिटं, सापाची कात, नुसती जाळी उरलेलं सागाचं पान, फुटक्या बांगड्या असं सामान. मालकांनी एकदा मुंबईहून तयार ब्लॉकांचा कॅटलॉग मागवला. जाड, गुळगुळीत कागदाचा. त्यात देव, पऱ्या, कमळं, हातात हात घातलेले गोरे साहेब, सगळं. पेंटरनं ते पानन् पान पाहिलं आणि परत देताना म्हणाला, "सगळे जेवून बसल्यासारखे दिसते."

मालकांनी तरीही त्यातून चार-पाच ब्लॉक मागवलेच. त्यात लग्नपत्रिकेसाठी एक गणपती होता, दोन्ही बाजूंना केळीचे खांब.

पेंटरचा एक हट्ट मात्र धंद्याच्या मुळावर येणारा होता. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते तो कोरायचा नाही. एका बिडीवाल्या शेटजींना 'वाघ छाप' काढायची होती. पेंटर म्हणाला, वाघ मी एकदाच पाहिला, पांढरकवड्याच्या रस्त्यावर, आणि तोही जाताना. शेटजी म्हणाले, मग काढ की. त्यानं काढला. पाठमोरा. वाघाची मागची बाजू, वर उचललेली शेपटी, आणि दोन्हीकडे गवत. शेटजींनी कपाळाला हात लावला. मालकांनी पेंटरला अशा काही शिव्या दिल्या की मशीनमननं मशीन थांबवून ऐकल्या. पण शेटजींना घाई होती, दुसरा ब्लॉक तयार नव्हता, म्हणून तेच लेबल छापलं. आणि काय सांगू, खेड्यापाड्यांतले लोक दुकानात येऊन 'गेलेला वाघ' मागू लागले! पुढे शेटजींनी समोरून वाघ असलेलं नवं लेबल नागपूरहून आणलं तर गिऱ्हाईक म्हणे, हा नकली आहे.

मी त्याला म्हटलं, "नशीब तुमचं."

"नशीब कायचं? सगळ्यायनं वाघ तसाच पाह्यला असते. समोरून पाह्यलेला मानूस बिडी प्याले येते काय?"

तो दिव्याच्या उजेडात काम करत नसे. दारातून ऊन आत आलं की स्टूल उन्हात, ऊन सरकलं की स्टूल सरकलं. शिवणीच्या झाडाचं लाकूड वापरायचा, मऊ आणि आज्ञाधारक. कोरताना तोंडात सुपारी आणि डोळे अर्धे मिटलेले. त्याचं घर कुठे, माणसं कोण, हे आम्हाला कधी नीट कळलं नाही. विचारलं तर एखाद्या उस्तादाचीच गोष्ट सांगायचा. पुढे जस्ताचे ब्लॉक स्वस्त झाले, पेंटरला काम उरलं नाही, आणि एका उन्हाळ्यात तो ट्रंक घेऊन मोटारीत बसला तो गेला. त्याला निरोप द्यायला मी अड्ड्यावर गेलो नाही, याची मला आजही चुटपुट आहे. त्या दिवशी काय एवढं काम होतं, तेही आठवत नाही.

पण मला सांगायचं आहे ते लग्नपत्रिकेचं.

अठ्ठावन्नचा वैशाख असावा. राळेगावच्या एका कापसाच्या जिनात मुकादम असलेले गृहस्थ आमच्याकडे पत्रिका छापायला आले. पन्नाशीचे, धुवट पांढरा सदरा, पायांत वहाणा. दीड वर्षापूर्वी नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती, बौद्ध झाले होते. घरातलं पहिलंच लग्न, थोरल्या मुलीचं, आणि ते नव्या रीतीनं होणार होतं. मजकूर त्यांनी स्वतः लिहून आणला होता, मोत्यासारख्या अक्षरात. वर मधोमध 'नमो बुद्धाय'. त्यांनी मला दोनदा बजावलं, "वर देवाचं चित्र नका टाकू जी. आमच्या घरात आता थे नाई."

"हो हो," मी म्हणालो. दोन्ही वेळा.

लग्नसराईत आमच्याकडे पत्रिकेचं डोकं तयारच बांधून ठेवलेलं असे. गणपतीचा ब्लॉक, केळीचे खांब, त्याखाली 'श्री गणेश प्रसन्न'. बदलायची ती फक्त खालची माणसं. मुकादमांना जे प्रूफ दाखवलं ते नुसत्या मजकुराचं; ब्लॉक शेवटी, फर्मा म्हणजे जुळवलेल्या मजकुराची चौकट आवळताना बसवतात. त्यांनी प्रूफ वाचलं, सही केली, गावी गेले. आणि फर्मा आवळताना माझा हात सवयीनं गेला आणि त्यानं गणपती उचलून जागेवर ठेवला. खालची ओळ मी बदलली होती. तिच्याकडे माझं पूर्ण लक्ष होतं. पत्रिका छापल्या गेल्या, कागदात बांधल्या गेल्या, आणि राळेगावच्या मोटारीच्या ड्रायव्हरच्या हवाली झाल्या.

दोन दिवसांनी मुकादम आले. ओरडले नाहीत. माझ्यासमोर एक पत्रिका ठेवली आणि म्हणाले, "पाहा."

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. काना नाही, मात्रा नाही, काही चुकलेलं नव्हतं. मी म्हटलं, "बरोबर आहे की."

मुकादम माझ्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात पेंटर माझ्या पाठीमागून डोकावला, आणि त्यानं नुसती जीभ चावली. मग मी पाहिलं. 'नमो बुद्धाय'च्या डोक्यावर केळीच्या खांबांमध्ये गणपती बसला होता.

"सोयरे आलते घरी," मुकादम सांगू लागले. आवाज शांत होता, पण हात सदऱ्याची बटणं चाचपत होता. "त्यायच्या समोरच बंडल खोललं म्या. मोठ्या हौसेनं. त व्याही म्हनाले, मुकादम, देव नदीत सोडले म्हनत होते तुमी. पोहून परत आले काय? सारे हासले जी. मंग थे उठले. म्हनते, आमी पक्के हावो. अशा पत्रिकेवर आमी वरात घेऊन येत नाई. दहा दिवसांवर लगन हाये. भाऊबंद आधीच पाहून राह्यले का हा मानूस टिकते का फिरते. आता पोरगी मले इचारते, बाबा, माया लग्नाचं काय?"

मालक बाहेर आले. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट लवकर मिटवायची असे. म्हणाले, कागदाची चिठ्ठी चिकटवून देतो चित्रावर.

"खाली थो राह्यतेच नं जी. झाकलेला देव घेऊन मी लगन नाई करत."

मालक म्हणाले, मग दुसऱ्या छापून देतो, फुकट. चित्रच नको. नुसता मजकूर.

मुकादमांनी मान हलवली. "आमच्यातले बहुतेक लोकं वाचत नाई. बिनचित्राचा छापील कागद गेला का म्हनतील, मुकादमाच्या घरी कोन मेलं?"

हे खरंच होतं. खेड्यात चित्र असलेला कागद लग्नाचा आणि नसलेला तेराव्याचा, हा हिशोब पक्का. मालक पेंटरकडे वळले. "मग बुद्धाचा ब्लॉक काप. उद्यापर्यंत."

"मी पाह्यला नाई त्यायले," पेंटर म्हणाला.

मालकांचा चेहरा लालबुंद झाला. "कोणी पाहिलाय बे? गणपती तुझ्या घरी जेवायला येतो काय?"

"थो मुंबईचा ब्लॉक हाये. म्या नाई कापला."

मुकादम उठले. त्यांना वाटलं असावं की इथे आपली टवाळीच चालली आहे. दारापर्यंत गेले. तेव्हा पेंटर पटकन आडवा आला आणि हात जोडून म्हणाला, "बसा जी. रागावू नका. मले तुमच्या घरी न्या. मी तिथं पाह्यतो."

"काय पाह्यता?"

"मले काय माईत? गेल्यावर दिसन."

मालकांनी मलाही पिटाळलं. "तू पण जा. ज्यांच्या घरी आग लावलीस त्यांना तोंड दाखव." त्यांनी नसतं म्हटलं तरी मी गेलो असतो, असं मला म्हणावंसं वाटतं, पण खरं म्हणजे मी पळवाट शोधत होतो आणि ती सापडली नाही.

राळेगावहून पुढे कोसभर चालत गेलो. गावाच्या कडेला त्यांचं घर. शेणानं सारवलेलं अंगण, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती. समोरच्या भिंतीत एक कोनाडा होता, पूर्वी देवांचा असावा. त्यालाही आतून चुना दिलेला होता आणि तो रिकामा होता. मुकादमांच्या बायकोनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मी प्यालो. त्यात मोठेपणा काही नव्हता, तहान लागली होती. पण हा छापखान्यातला बाबू आपल्या घरचं पाणी पितो की नाही ते ती पाहत होती, हे मला पिता पिता कळलं आणि मान वर करवेना. छापखान्यात मुकादमांना पाणी विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

पेंटर अंगणात बसला आणि पाहू लागला. छपराच्या कवेलूंकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, दोरीवरच्या लुगड्याकडे पाहिलं. तास गेला. मुकादमांची बायको कातावली. नवऱ्याला म्हणाली, "हा मानूस काय पाहून राह्यला? पोरीचं लगन मोडाले आलं आन् हा भिंती मोजून राह्यला."

पेंटरनं ते ऐकलं. तो तिच्याकडे वळला. "माय, एक सांग. दुरून कसं समजते, का या घरी लगन हाये?"

"मांडवावरून. आनखी कायनं?"

"नव्या रीतीतबी मांडव राह्यते?"

"त काय लोकायले उन्हात बसवू?"

"मंग दाखव मले मांडव कसा राह्यते थो."

"म्या काय चित्र काढू आता? मले येते काय?" ती खरोखरच चिडली होती. पण चिडलेल्या बाया जशा हातानं बोलतात तशी ती तरातरा सरपणाच्या ढिगाकडे गेली, कापसाच्या पऱ्हाटीची एक काडी ओढून तिचे दोन तुकडे केले आणि ते अंगणाच्या कडेच्या मऊ मातीत खुपसले. "हे दोन खांब." वर घालायला काहीतरी हवं म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं. न्हाणीच्या पाण्यावर एक कमरेएवढं पिंपळाचं रोपटं वाढत होतं. त्याच्या बुडाशी एक पान गळून पडलं होतं. ते तिनं उचललं आणि दोन काड्यांवर आडवं टाकलं. "आन् हा मांडव. समजलं?"

"हात लावू नका कोनी," पेंटर एकदम म्हणाला. इतक्या जोरात, की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकू लागलं.

तो जमिनीवर पालथा पडला. हनुवटी मातीला टेकवून पाहू लागला, मग वही काढली. त्या पानाचं टोक एका खांबापलीकडे लोंबत होतं, शिरा मधल्या दांड्यापासून दोन्हीकडे उतरल्या होत्या, आणि खाली पानाएवढी सावली. मुकादम वाकून उभे होते.

"हे झाड म्या लावलं," ते हळूच म्हणाले. "नागपूरहून आलो थ्याच हप्त्यात. पिंपळाखालीच त्यायले ज्ञान भेटलं, म्हनून."

वही मिटून त्यानं मुकादमांच्या बायकोला विचारलं, "माय, तुले हे कोनं शिकवलं?" ती म्हणाली, "बाई, याले खरंच काही समजत नाई."

दुसऱ्या दिवशी दारातल्या उन्हात बसून त्यानं ब्लॉक कोरला. दोन खांब आणि त्यांवर एक पिंपळपान. बाकी काही नाही. मालकांनी पाहून नाक मुरडलं, दोन कमळं तरी टाक म्हणाले. पेंटरनं ऐकलं नाही. मी मजकूर पुन्हा जुळवला. फर्मा आवळताना पेंटर माझ्या शेजारी उभा नव्हता, मालक नव्हते, कोणी नव्हतं. मी एकटाच होतो आणि मी तो फर्मा चार वेळा पाहिला. वाचला नाही, पाहिला. या वेळी पत्रिका ड्रायव्हरकडे दिल्या नाहीत. आम्ही दोघंच घेऊन गेलो.

मुकादमांच्या घरी व्याही येऊन बसले होते. काळेसावळे, रुंद, मिशीचं टोक चावणारे गृहस्थ. त्यांना आम्ही आलेलं आवडलं नव्हतं हे उघड दिसत होतं. मुकादमांनी गाठ सोडली. पेंटरनं एक पत्रिका काढून व्याह्यांना न देता मुकादमांच्या बायकोच्या हाती दिली, आणि तीही मुद्दाम उलटी.

तिनं क्षणभर पाहिलं आणि पत्रिका फिरवून सुलटी केली. "हा त मांडव," ती म्हणाली. मग आणखी जवळ नेऊन पाहिलं. "अन् हे आपलं पान."

व्याह्यांनी हात पुढे केला. त्यांनाही वाचता येत नव्हतं. त्यांनी पानाच्या शिरेवरून खालपर्यंत अंगठा फिरवला, तशी शाई थोडी पसरली. मग ते मुकादमांना म्हणाले, "पन्नास मले जास्तीच्या द्या. आमच्याकडं मारेगावपर्यंत वाटाव्या लागतीन."

मुकादमांची बायको पदरानं तोंड झाकून आत गेली. मुकादमांनी गठ्ठ्यातली सगळ्यात वरची पत्रिका उचलली. तिला चारी कोपऱ्यांना हळद लावली. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची ही रीत आमच्याकडे सगळ्या घरांतून असते. तिच्याशिवाय दुसरी वाटत नाहीत. मुकादम उठले, सरळ भिंतीकडे गेले, आणि त्यांचा पत्रिका धरलेला हात त्या कोनाड्यात गेला.

आत पांढरा चुना. हात तिथेच थांबला.

खोलीत सगळ्यांनी ते पाहिलं. व्याह्यांनी पाहिलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा कोणीतरी काहीतरी बोलणार आणि केलेलं सगळं पाण्यात जाणार. मुकादम वळले. त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं नाही, पेंटरकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. छापखान्यात पत्रिका समोर ठेवून जसे पाहत राहिले होते, तसेच. आणि एकाएकी ते हसू लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"बाबू," ते म्हणाले, "दीक्षा मले भेटली जी. या हाताले अजून भेटाची हाये."

व्याहीही हसले. मी हसलो की रडलो ते मला सांगता येणार नाही.

मुकादमांनी हात कोनाड्यातून काढला आणि आतल्या दाराकडे पाहून मुलीला हाक मारली. ती चौकटीशीच उभी होती. सातवी पास झालेली, त्या वस्तीतली पहिली मुलगी. ती बाहेर आली, तेव्हा त्यांनी पहिली पत्रिका तिच्या हातात ठेवली.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच. तुयाच लग्नाची हाये."